घन इंधन प्रक्षेपकातील धातुकण : गणिती प्रतिमानाचे महत्त्व

भारताच्या 'एलव्हीएम-३' प्रक्षेपकाने १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून चांद्रयान-३ अवकाशात नेले. या प्रक्षेपकाच्या दोन्ही बाजूंच्या 'एस-२००' बूस्टरमध्ये प्रत्येकी सुमारे २०० टन घन प्रणोदक असते व ते साधारण दोन मिनिटांत जळून जाते. या प्रणोदकातील धातूचे कण कसे जळतात, यावर प्रक्षेपकाची वहनक्षमता आणि पर्यायाने मोहिमेचा खर्च काही अंशी अवलंबून असतो.

प्रणोदकाची घडण

संमिश्र घन प्रणोदकाचे तीन मुख्य घटक असतात : ऑक्सिजन पुरविणारे अमोनियम परक्लोरेट, इंधन व बंधक अशी दुहेरी भूमिका बजावणारे 'एचटीपीबी' हे रबरासारखे बहुवारिक आणि ॲल्युमिनियमची पूड. ॲल्युमिनियममुळे ज्वलनाचे तापमान वाढते. मात्र या लाभाला एक किंमत आहे. ५४ ग्रॅम ॲल्युमिनियम जळले की १०२ ग्रॅम ॲल्युमिनियम ऑक्साइड तयार होते. प्रणोदकात १८ टक्के ॲल्युमिनियम आहे असे मानल्यास, ते पूर्ण जळाल्यावर सुमारे एक तृतीयांश वस्तुमान वायुरूप नसून द्रव किंवा घन कणांच्या रूपात राहते. हे कण वायूप्रमाणे प्रसरण पावत नाहीत. नोझलमध्ये ते वायूच्या मागे रेंगाळतात व रेट्यात घट होते. यालाच 'द्विप्रावस्था प्रवाहातील हानी' म्हणतात.

कणांचा आकार का महत्त्वाचा?

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. परंतु त्यावरील ऑक्साइडचे कवच २,००० अंशांच्या पुढेही टिकते. त्यामुळे कण लगेच पेट घेत नाहीत. प्रणोदकाच्या पृष्ठभागावर ते एकमेकांना चिकटून मोठे थेंब बनतात. थेंबाचा व्यास दहापट झाला, तर जळण्यास लागणारा काळ साधारणतः तीस ते शंभरपट होतो. नोझलपर्यंत पोहोचेतो थेंब जळाला नाही, तर त्यातील ऊर्जा वाया जाते. काही थेंब मोटारीतच मळीच्या रूपाने साचतात व मृतभार ठरतात. उलट, ऑक्साइडचे सूक्ष्म कण दाबातील घातक आंदोलने शमविण्यास साहाय्य करतात. म्हणजेच प्रश्न कण टाळण्याचा नसून योग्य आकार साधण्याचा आहे.

प्रतिमान आणि अर्थकारण

प्रतिमानात वायूचा प्रवाह अखंड मानून त्याची समीकरणे सोडवितात. कणांच्या प्रातिनिधिक गटांचा मार्ग न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने काढतात. एस-२०० ची पहिली स्थिर चाचणी २४ जानेवारी २०१० रोजी झाली. अशा प्रत्येक चाचणीत मोटारीतील सर्व प्रणोदक खर्ची पडते. प्रतिमान चाचणीची जागा घेत नाही. मात्र मोजक्या चाचण्यांतून अधिक उत्तरे मिळवून देते.

विद्यार्थ्यांनी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. पृष्ठभाग सोडताना थेंबांचा आकार किती असतो, ही माहिती लहान प्रयोगांतूनच मिळवावी लागते. ती चुकल्यास अचूक समीकरणेही चुकीचे उत्तर देतात. अर्थशास्त्रीय प्रतिमानांप्रमाणेच येथेही निष्कर्षाची विश्वासार्हता गृहीतकांच्या पडताळणीवर अवलंबून असते.