शेतकऱ्याच्या खिशांतील चाकू : निवड आणि निगा

गेल्या श्रावणांतील गोष्ट. आमच्या शेजारच्या गोठ्यांत पहांटे एका कालवडीच्या गळ्याभोंवतीं दावें पिळलें गेलें. पावसानें भिजलेली गांठ जों जों ओढावी तों तों अधिकच घट्ट होऊं लागली. मालकाच्या खिशांत घडीचा चाकू होता. परंतु त्याची लांकडी मूठ ओलाव्यानें फुगली होती व सांध्यांत गंज धरला होता, त्यामुळें पातें कांहीं केल्या उघडेना. घरांतून विळा आणीपर्यंत कालवड गेली. तो बिनछापाचा चाकू त्यास आठवड्याच्या बाजारांतून आम्हींच निवडून आणून दिला होता. निवडतांना आम्हीं धार तेवढी पाहिली, बाकी कांहीं पाहिलें नाहीं. ती चूक इतरांकडून होऊं नये, एवढ्याच हेतूनें हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

विळा, कोयता, खुरपें हीं अवजारें त्या त्या कामापुरतीं हातांत असतात. घडीचा चाकू मात्र सदासर्वदा जवळ असतो. खताच्या गोणीची शिवण उसवणें, ठिबकाची नळी कापणें, फळ चिरून आंतील कीड पाहणें, झाडाची रोगट साल खरवडणें, आणि प्रसंग पडल्यास जनावराचें दावें तोडणें, हीं त्याचीं कामें. त्यास निवडतांना पोलाद, सांधा, पातें व मूठ या चार गोष्टी पहाव्या.

१. पोलाद

पात्याचें पोलाद मुख्यतः दोन जातींचें असतें. साध्या, म्हणजे कार्बन पोलादास दगडावर धार लवकर चढते व ती बारीक लागते. परंतु पाणी, घाम, लिंबाचा अगर कैरीचा रस लागतांच तें काळें पडतें आणि पुसून न ठेविल्यास गंजतें. दुसरें स्टेनलेस पोलाद. शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ सालीं पोलादांत क्रोमियम मिसळून तें तयार केलें. अशा पोलादांत क्रोमियमचें प्रमाण शेंकडा निदान साडेदहा असावें लागतें. तथापि तें मुळींच गंजत नाहीं अशी समजूत करून घेऊं नये; मीठ व रासायनिक खत चिकटून राहिल्यास त्यावरही ठिपके पडतात.

कोंकणांत व घाटमाथ्यावर, जेथें चार महिने हवेंत ओल असते, तेथें स्टेनलेसच घ्यावें. देशावरील कोरड्या हवेंत, रोज पातें पुसण्याची संवय ज्यास आहे त्यास साधें पोलाद उत्तम काम देतें. ज्यास ती संवय नाहीं, त्यानें आपल्या स्वभावाशीं भांडत बसण्यापेक्षां स्टेनलेस घ्यावें.

कित्येक लोक दुकानांत लोहचुंबक लावून पाहतात व पातें चिकटलें म्हणजे तें स्टेनलेस नव्हे असें ठरवितात. ही परीक्षा खोटी आहे. चाकूच्या पात्यासाठीं वापरतात त्या कठीण होणाऱ्या स्टेनलेस पोलादासही चुंबक चिकटतो.

२. सांधा व अडसर

घडीच्या चाकूचा सर्व जीव सांध्यांत असतो. जुन्या पद्धतींत पाठीची पोलादी कमान पात्यास दाबून धरते. अडसर असा नसतो. अशा चाकूचें टोंक कशांत खुपसून जोर दिला, तर पातें उलटून बोटांवर मिटतें. नळीस भोंक पाडण्याच्या नादांत आमच्या उजव्या तर्जनीवर अशी खूण उमटली आहे. यास्तव कमानीचा चाकू केवळ ओढून कापण्यासाठीं वापरावा, टोंचण्यासाठीं कधींही वापरूं नये.

दुसऱ्या पद्धतींत उघडलेलें पातें जागीं धरणारा अडसर असतो. फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यानें १८९० सालीं काढलेला साधा घडीचा चाकू तेथील शेतकऱ्यांच्या खिशांत जाऊन बसला. परंतु पातें अडविणारें फिरतें कडें त्यास १९५५ सालीं जोडण्यांत आलें. कांहीं चाकूंत पाठीवरचा दांडा दाबल्याखेरीज पातें मिटत नाहीं, कांहींत मुठीच्या आंतील पत्री बाजूस सारावी लागते. या शेवटच्या प्रकारांत मिटतांना आंगठा पात्याच्या वाटेंत येतो. तो वेळींच काढून घ्यावा. रोज शेतांत वापरण्यासाठीं अडसराचा चाकू घ्यावा असें आमचें मत आहे. मात्र अडसर म्हणजे कांहीं अभय नव्हे. त्यांत माती शिरल्यास तो नीट बसत नाहीं.

कळ दाबतांच उसळून उघडणारा लांब चाकू शेतकऱ्यानें घेऊं नये. त्याची कमान धुळीनें बिघडते, तो खिशांत उघडण्याची भीति असते, आणि त्यास पाहून लोकांच्या मनांत नसता संशय येतो.

३. पातें व मूठ

पातें चार बोटें, म्हणजे सात ते नऊ सेंटिमीटर, असावें. याहून आंखूड असल्यास जाड दोरास पुरत नाहीं. लांब असल्यास खिशांत अडचण होते. टोंक फार अणकुचीदार नसावें. सर्वसाधारण कामास दोन्ही अंगांनीं उतरती धार घ्यावी. कलमें बांधणाऱ्यानें व डोळे भरणाऱ्यानें मात्र एका अंगानें सपाट, दुसऱ्या अंगानें उतरता असा निराळा चाकू ठेवावा. त्यानें काप सपाट येतो व खुंट आणि काडी एकमेकांस नीट भिडतात. तो चाकू गोणी उसवण्यास कधींही काढूं नये. डावखोऱ्यानें उतरती बाजू आपल्या हाताप्रमाणें मागून घ्यावी.

लांकडाची मूठ हातास गोड लागते. पण ती पाणी पिते, फुगते व पातें आवळते. पावसाळी मुलुखांत नायलॉनची अगर तत्सम मूठ बरी. रंग भडक असावा. गवतांत पडलेला चाकू तांबडा असला तर सांपडतो.

अनेक हत्यारें एकाच मुठींत असलेला चाकू पुष्कळांस मोह घालतो. स्वित्झर्लंडमध्यें कार्ल एल्सेनर यानें १८८४ सालीं कारखाना काढला व १८९१ सालीं तेथील सैन्यास असे चाकू पुरविले, तेव्हांपासून ते जगभर प्रसिद्ध झाले आहेत. पंपाचे व फवारणीयंत्राचे स्क्रू ज्यास वारंवार फिरवावे लागतात, त्यास तो उपयोगी आहे. परंतु त्याच्या खांचांत माती सांचते, आणि अशा पुष्कळ चाकूंचीं पातीं केवळ कमानीवर असतात, हें ध्यानांत ठेवून घ्यावा.

४. दुकानांतील परीक्षा

चाकू दहा वेळां उघडावा व मिटावा. नंतर बोटें पाण्यांत बुडवून पुन्हां उघडून पहावा. ओल्या हातानें जो उघडत नाहीं, तो कितीही सुबक असला तरी परत द्यावा. उघडें पातें दोन बोटांत धरून आजूबाजूस हलवावें. तें डुलूं नये. मिटल्यावर पातें दोन्ही भिंतींच्या मधोमध बसलें पाहिजे. शेवटीं धार उजेडाकडे धरावी. जेथें ती चकाकते तेथें ती बोथट आहे असें समजावें.

५. निगा

धार घरींच दगडावर लावावी. दगड ओला करून पातें त्यास सुमारें वीस अंशांत टेकवावें आणि दोन्ही अंगांनीं सारखे हात द्यावे. वेगानें फिरणाऱ्या चाकावर पातें तापतें. तें निळें झालें कीं पोलादाचें पाणी उतरलें असें समजावें, मग धार टिकत नाहीं. सांध्यांत महिन्यास एक थेंब तेल घालावें, पावसाळ्यांत आठवड्यास घालावें. पण आधीं आंतील माती काडीनें काढावी.

लिंबूवर्गीय झाडांवरील डिंक्या रोगांत रोगट साल चाकूनें खरवडून तेथें बोर्डो मलम लावतात. मोरचुदानें लोखंड खाल्लें जातें, तेव्हां तें काम होतांच चाकू धुऊन कोरडा करावा. डाळिंबावरील तेल्या रोग हत्यारांवाटेही पसरतो. यास्तव एका झाडावरून दुसऱ्यावर जातांना पातें सोडियम हायपोक्लोराइटच्या शेंकडा एक द्रावणांत बुडवून घ्यावें. आपलाच चाकू आपल्या बागेस रोग देणारा होऊं नये.

बोट कापल्यास जखम स्वच्छ पाण्यानें धुवावी, माती अगर हळद चेपीत बसूं नये, आणि धनुर्वाताच्या लशीसंबंधीं डॉक्टरांस विचारावें. त्या रोगाचे जंतू मातींत असतात.

६. कायदा

शस्त्र कायदा १९५९ व त्याखालील नियम यांनुसार नऊ इंचांहून लांब अगर दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू परवान्याच्या शस्त्रांत गणले जातात. घरगुती, शेतीच्या व कारागिरीच्या कामासाठीं केलेलीं अवजारें त्यांतून वगळलीं आहेत. आपला चार बोटांचा चाकू या मर्यादेच्या पुष्कळ अलीकडे आहे. तथापि सणावारीं अगर निवडणुकींत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालीं मनाई हुकूम निघतो, तेव्हां चाकू घेऊन शहरांत जाऊं नये. हुकुमाचा कागद वाचल्याखेरीज “आम्हांस ठाऊक नव्हतें” हें उत्तर कचेरींत चालत नाहीं, हें आम्ही अनेक वर्षें मेजाच्या दुसऱ्या बाजूनें पाहिलें आहे. विमानप्रवासांत चाकू हातांतील पिशवींत ठेवतां येत नाहीं.

शेजाऱ्यास आम्हीं पुढें दुसरा चाकू आणून दिला : स्टेनलेस पात्याचा, तांबड्या नायलॉनच्या मुठीचा, अडसर असलेला. दुकानांत तो ओल्या बोटांनीं उघडून पाहिला. कालवड त्यानें परत येत नाहीं. परंतु वाचकांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं आपापल्या खिशांतील चाकू काढून, हात ओले करून, एकदां उघडून पहावा, अशी आमची विनंती आहे.