उटण्याची डबी
(घरच्या जिन्नसांविषयी एक पाठ)



गावातील कोणी मुंबईस जावयास निघाला म्हणजे त्याच्या पिशवीत एखादी लहानशी डबी हमखास जाते. लेक घाटकोपरास दिलेली असते, मुलगा अंधेरीस कामास असतो, भाऊ बोरिवलीस चाळीत बिऱ्हाड करून राहतो. त्यांच्यासाठी चटणी व लोणचे यांबरोबर घरी कुटलेले उटणे, खोबरेलाची बाटली किंवा मुठेलाचा गोळा पाठविण्याची रीत जुनी आहे व चांगलीही आहे. परंतु या जिन्नसांचे काम काय, आणि त्यांच्याने काय होत नाही, हे नीट न समजल्यामुळे हितापेक्षा अहित झाल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आली आहेत. सबब या अंकी हा विषय घेतला आहे. प्रचारक बंधूंनी हा पाठ बायकांच्या व तरुणांच्या सभेत सावकाश वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

मागे मुलुंड येथे एका घरी आम्ही गेलो असता घरच्या बाईंनी एक बाटली आणून आम्हांस दाखविली. आईने गावाहून पाठविलेले उटणे त्यांनी एकदम सगळेच दुधात व गुलाबपाण्यात कालवून त्या बाटलीत भरून ठेवले होते. चार दिवसांत त्यास बुरा आला, वास सुटला, आणि ते तसेच लावल्याने मुलीच्या गालावर पुरळ उठले. “आईचे उटणे आम्हांस मानवले नाही,” असे त्या म्हणाल्या. परंतु दोष उटण्याचा नव्हता. कोरडे होते तोवर ते चांगलेच होते; ओले करून साठविले तेव्हा ते नासले. दुकानातील ओल्या मलमात ते नासू नये म्हणून काही द्रव्य घातलेले असते. आपल्या घरच्या वस्तूत ते नसते. यावरून पहिला नियम असा की, कोरडे असेल ते साठवावे, ओले करावयाचे ते एका अंघोळीपुरतेच करावे, व उरलेले टाकून द्यावे.

आता त्वचेचे काम काय ते पाहू. त्वचा ही शरीराची भिंत आहे. तिच्या वरच्या थरातील कण सतत झडत असतात व खालून नवे येतात. साधारण एका महिन्यात तो थर पालटतो. या भिंतीवर तेलाचा एक पातळ लेप निसर्गतःच असतो व तिचा स्वभाव किंचित आंबट असतो. साबणाचा स्वभाव याच्या उलट, म्हणजे खारा. म्हणून दिवसातून तीन-तीन वेळा साबण चोळला असता मळाबरोबर तो लेपही जातो, आणि त्वचा ओढल्यासारखी होऊन तिला खाज सुटते.

आंबट व खारा हा भेद डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर एक सोपा प्रयोग सांगतो. चिमूटभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर तिचा पट्टा ओढावा व वाळू द्यावा. त्यावर एका बाजूस साबणाचे पाणी व दुसऱ्या बाजूस लिंबाचा रस लावावा. साबण लागेल तेथे पिवळा रंग तांबूस होतो. लिंबू लागेल तेथे पिवळाच राहतो. खाण्याचा चुना लावल्यास रंग लाल होतो. हळदीचे कुंकू होते ते याच गुणामुळे. हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो, हेही यावरून मुलांस समजेल.

पाण्याचाही येथे संबंध आहे. मुंबईस नळाचे पाणी येते ते तलावांचे. विहार तलाव १८६० साली व तुळशी तलाव १८७९ साली पुरा झाला. हे दोन्ही बोरिवलीच्या जंगलाच्या हद्दीत आहेत, आणि पुढे तानसा व इतर तलावांचे पाणी दुरून आणण्यात आले. तलावांत साठलेले पावसाचे पाणी मऊ असते, त्यात साबणास थोडक्यात फेस येतो. आपल्याकडील कित्येक विहिरींचे पाणी जड असते. त्यातील क्षारांमुळे साबण फुटतो व अंगावर चिकट साका राहतो. अशा ठिकाणी डाळीचे पीठ अधिक उपयोगी, कारण ते तेल व मळ आपल्यात शोषून घेते व क्षारांनी बिघडत नाही. केसांस रिठा लावतात त्याचेही कारण हेच. जड पाण्यातही त्यास फेस येतो.

साबण वाईट, असे मात्र कोणी समजू नये. हात धुण्यास त्यासारखी दुसरी वस्तू नाही. पूर्वी पुष्कळ साबणांत जनावरांची चरबी असे व म्हणून कित्येक लोक तो वापरीत नसत. अर्देशर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास निव्वळ वनस्पतींच्या तेलाचा साबण करून ही अडचण दूर केली. घाटकोपर व मुलुंड यांच्या दरम्यान विक्रोळीस त्यांच्या घराण्याच्या कारखान्यांची वसाहत पुढे उभी राहिली, ती आगगाडीतून जाताना दिसते. परंतु साबण घरी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यास दाहक सोडा लागतो. तो कातडी जाळतो, डोळ्यांत गेल्यास दृष्टी नेतो, व ॲल्युमिनिअमच्या भांड्यात ठेवल्यास भांडेही खातो. एका खोलीच्या बिऱ्हाडात लहान मुले असता हा उद्योग नको. साबण विकत घ्यावा. उटणे व मलम घरी करावे.

उटण्याची कृती. मसुरीच्या डाळीचे पीठ ८ चमचे, मुलतानी माती २ चमचे, नागरमोथा, कचोरा व वाळलेल्या गुलाबपाकळ्या यांची पूड प्रत्येकी १ चमचा, आणि आंबेहळद अर्धा चमचा घ्यावी. सर्व जिन्नस उन्हात चांगले वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करावे. कण जाड राहिल्यास कातडी खरचटते. कोरड्या काचेच्या बरणीत भरावे, ओला चमचा घालू नये, आणि दोन-तीन महिन्यांत संपवावे. यांपैकी डाळ मळ काढते, माती तेल शोषते, नागरमोथा व कचोरा वासासाठी आहेत, हळद रंगासाठी व परंपरेसाठी. प्रथम अंगास थोडे खोबरेल लावावे, मग पाण्यात कालवलेले उटणे हलक्या हाताने लावून, ते पुरते सुकण्याआधीच धुऊन टाकावे. सुकून तडकेपर्यंत ठेवून मग घासून काढणे ही चूक आहे.

मुठेलाची कृती. कोकणात कोकमाच्या बिया टाकीत नाहीत. त्यांतील गर कुटून पाण्यात उकळतात, व वर येणारी चरबी काढून तिचे गोळे करतात. हेच मुठेल होय. मुठेल २ चमचे व खोबरेल १ चमचा एका वाटीत घालावे, ती वाटी गरम पाण्यात ठेवून दोन्ही वितळवावीत, व थंड होऊ द्यावीत. रात्री पाय धुऊन, कोरडे पुसून, टाचांच्या भेगांत हे मलम चोळावे. यात पाणी नसल्यामुळे ते पुष्कळ दिवस टिकते. मात्र मधुमेह असलेल्यांनी, व भेगांतून रक्त किंवा पू येत असल्यास कोणीही, घरच्या मलमावर न राहता दवाखान्यात जावे.

कोणतीही नवी वस्तू लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूस थोडी लावून एक दिवस वाट पाहावी. तेथे लाली किंवा खाज आल्यास ती वस्तू आपणांस मानवत नाही असे समजावे. झाडपाल्याची आहे म्हणून निर्दोष, हा समज खरा नाही. खाजकुइलीही झाडपालाच आहे. लिंबाचा रस तोंडास चोळून उन्हात जाऊ नये. लिंबू व ऊन यांच्या संयोगाने कातडी भाजते व काळे डाग राहतात. उटण्यात कोणी बावची घालतात, तीही उन्हात अशीच भाजते, म्हणून ती आम्ही वर सांगितली नाही. तान्ह्या बाळास उटणे घासू नये. त्याची त्वचा फार नाजूक असते, त्यास हलक्या हाताने लावलेले खोबरेल पुरे. हळद विकत घेताना फार भडक पिवळी पूड घेऊ नये. रंग खुलावा म्हणून तीत शिशाचे विषारी द्रव्य मिसळल्याचे काही ठिकाणी उघडकीस आले आहे.

येथवर जिन्नस झाले. आता ज्यासाठी बहुतेक लोक हे जिन्नस लावतात त्याविषयी बोलणे प्राप्त आहे. ती गोष्ट म्हणजे रंग. मुलीचे लग्न ठरवावयाचे, पाहुणे यावयाचे, म्हणून तिला महिनाभर हळद व साय लावून बसविणाऱ्या आया आपल्या मंडळ्यांतही आहेत. त्वचेचा रंग तिच्यातील एका द्रव्यामुळे असतो, व ते द्रव्य उन्हापासून आपले रक्षण करते. कोणतेही उटणे तेथवर पोहोचत नाही. मळ निघतो, उन्हाने आलेला काळपटपणा महिन्याभरात थर पालटतो तसा कमी होतो, एवढेच. जन्माचा रंग बदलत नाही, आणि तो बदलण्याची गरजही नाही. अंधेरीस मुख्य कार्यालय असलेल्या एका मोठ्या कंपनीने १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ नावाचे मलम बाजारात आणले. २०२० साली तिने स्वतःच त्या नावातून गोरेपणाचा शब्द काढून टाकला. व्यापाऱ्यास जे उमगले ते आईबापांस उमगू नये काय?

हा लोभ केवळ व्यर्थच नव्हे तर घातकही आहे. गोरे करणाऱ्या काही मलमांत पारा घातलेला असतो. तो त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडे बिघडवितो. अकोल्यातील एकाच घरातील बायकांस असे मलम लावल्याने मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे व त्या मलमात पारा सापडल्याचे २०२३ साली वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. म्हणून ज्या डबीवर करणाराचे नाव, पत्ता, घटक व परवाना क्रमांक नाही ती डबी, कोणी कितीही आपलेपणाने दिली तरी, तोंडास लावू नये. आपल्या भगिनींपैकी कोणी उटणे करून विकू इच्छीत असतील तर त्यांनीही ध्यानात ठेवावे की, विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने करण्यास १९४० च्या कायद्यान्वये परवाना लागतो.

शेवटी, ज्या गोष्टीमुळे हा पाठ लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटले ती सांगतो. उपनगरात राहणाऱ्या, पण मूळच्या आपल्याकडील, एका तरुणाच्या हातावर फिकट चट्टा होता. घरच्यांनी त्यास वर्षभर हळद व निरनिराळे लेप लावले. चट्टा दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून सर्व निश्चिंत होते. एके दिवशी गरम पातेल्यास हात लागून फोड आला, आणि तो त्यास कळलाही नाही. तेव्हा कोठे त्यास दवाखान्यात नेले. तो कुष्ठरोग होता. औषधाने रोग बरा झाला, पण तोवर दोन बोटे वाकली होती, व ती तशीच राहिली. न दुखणारा चट्टा म्हणून ज्यास आपण किरकोळ समजतो, त्याचे न दुखणे हेच त्याचे लक्षण आहे.

वाचकहो, एके काळी या रोगावर कडू कवठाच्या तेलावाचून फारसा उपाय नव्हता, आणि रोग्यांस गावाबाहेर काढीत. मुंबईस वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय १८९० साली स्थापन झाले ते अशाच रोग्यांसाठी. आज तसे नाही. १९८० नंतरच्या दशकापासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या असता रोग पुरा बरा होतो, व सरकारी दवाखान्यांत त्या फुकट मिळतात. औषध सुरू होताच रोग पसरण्याचे भयही जाते. लाजेने लपविण्यासारखे त्यात काही नाही. हानी होते ती उशिराने. अंगावरील प्रत्येक चट्टा कुष्ठाचा नसतो हेही खरे. शिबे, गजकर्ण, कोड हे निराळे विकार आहेत, व कोड तर स्पर्शाने लागतही नाही. परंतु कोणता कोणता हे ओळखणे वैद्यकाचे काम आहे, उटण्याचे नव्हे.

तर उटण्याची डबी पाठवावी, जरूर पाठवावी. तिच्यात आईचा हात असतो. पण तिच्याबरोबर हा निरोपही पाठवावा : मळासाठी उटणे, कोरडेपणासाठी तेल, भेगांसाठी मुठेल, रंगासाठी काही नको, आणि बधिर चट्ट्यासाठी थेट दवाखाना.

सभेत विचारावयाचे प्रश्न

१. ओले उटणे साठविल्यास काय होते, व का?
२. हळदीच्या पट्ट्यावर साबण व लिंबू लावल्यास काय दिसते? यावरून त्वचेविषयी काय समजावे?
३. जड पाण्यात साबणापेक्षा डाळीचे पीठ उपयोगी का?
४. उटण्याने रंग उजळला असे वाटते, तेव्हा खरोखर काय झालेले असते?
५. आपल्या गावात अंगावर चट्टा असलेला, पण दवाखान्यात न गेलेला कोणी आहे काय? त्याच्याबरोबर या आठवड्यात कोण जाईल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊन थांबू नये; जाणाराचे नाव ठरवूनच सभा संपवावी.