चौक पाठीवर नको

चि. मृण्मयीस,


वारली चित्रांच्या कुर्त्यांची रेखाटनं मिळाली. गेरूचा रंग तुला सुरेख साधला आहे. पण पाठीवर मधोमध घेतलेला तो नक्षीदार किनारीचा, आत देवी असलेला चौकोन काढून टाक. तो लग्नाचा चौक आहे. वारल्यांच्या घरी लग्न असलं की सवाशिणी तो तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते आणि आत पालघट देवी बसते. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. आपल्या देव्हाऱ्यातला टाक आपण कुणाच्या पाठीवर, बसताउठता खुर्चीला घासायला, छापू का?

तारपा नाच मात्र जरूर घे. पेरणी, मासेमारी, ताडावर चढणारा माणूस, मुंग्यांची रांग, हेही घे. पूर्वी वारली चित्रण प्रामुख्याने बायकांचं आणि विधीपुरतं होतं. १९७०च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी असं रोजचं जगणं कागदावर आणि कापडावर आणलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मूळ चित्रं कुठे पाहायला मिळाली तर तासभर तरी त्यांच्यासमोर उभी राहा.

तू संगणकावर एकच नाचणारा काढून त्याच्याच नकला गोल चिकटवल्या आहेस. म्हणून तुझा नाच हलत नाही. टोकाशी टोक जुळलेल्या दोन त्रिकोणांत वरचा जरासा कलला की माणूस नाचतो, वाकतो, ओझं उचलतो. टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढताना प्रत्येक आकृतीचा कल वेगळा येतो, आणि सगळा जीव त्या फरकात असतो. छपाईचंही पाहा. खडी छपाईचा पांढरा थर जाड बसतो, धुऊन धुऊन तडकतो. त्यापेक्षा डिस्चार्ज छपाईने रंगच उतरवून पांढरं मिळव, कापड मऊ राहील. आधी तुकड्यावर करून बघ.

आणि हे कुर्ते विकणार असशील तर आकृत्या तू काढू नकोस. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, आणि डहाणू, तलासरी, जव्हारकडे आजही हातात काडी धरणारे चित्रकार आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडून तरी काढून घे. कुठली खूण कापडावर चालेल, कुठली नाही, हे त्यांनाच विचार आणि ते नको म्हणाले तर वाद घालू नकोस. लेबलवर त्यांचं नाव तुझ्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात घाल. एकरकमी पैसे देऊन मोकळी होऊ नकोस, प्रत्येक कुर्त्यामागे वाटा ठरव आणि तो लिहून दे. हिशेब मांडून पाठव, मी तपासून देते.

तुझी,
आत्या