कृष्णाकाठी एक दिवस

सुगी संपली. खळी उरकली. चार दिवस हाताला काम कमी होते. तेव्हा आमच्या रात्रीच्या वर्गातली मंडळी म्हणाली, "गुरुजी, नुसतं पुस्तकातलंच वाचायचं का? बाहेर पडून बी काही वाचू की!" बोलणे पटण्यासारखे होते. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून वाईला जायचे ठरवले. वर्गातले अठरा जण आणि शिकवणारे आम्ही तिघे.

वाई हे सातारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. साताऱ्याहून सुमारे ३५ किलोमीटर. गाव लहान, पण फार जुने. कृष्णा नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, तिथून खाली उतरते, आणि धोम, मेणवली करत वाईला येते. पुढे ती कऱ्हाड, सांगलीवरून कर्नाटकात जाते आणि शेवटी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. वाईपाशी मात्र ती अजून माहेरच्या अंगणात असल्यासारखी आहे. पात्र लहान, दोन्ही काठांना दगडी घाट, घाटावर देवळे. म्हणून लोक वाईला दक्षिणकाशी म्हणतात.

साताऱ्याच्या स्टँडवर आम्ही मुद्दाम मागे उभे राहिलो. गाडी कोणती ते मंडळींनीच शोधायचे, असे ठरले होते. आमच्यातल्या एक आजी साठी ओलांडलेल्या. त्यांनी तीन गाड्यांच्या पाट्या बोट लावून वाचल्या आणि चौथीपाशी थांबून ओरडल्या, "वा... ई! वाई! हीच गाडी." मग गाडीत बसल्यावर हळूच म्हणाल्या, "दोनच अक्षरं की हो! एवढ्या दोन अक्षरांसाठी जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडं बघितलं."

वाईत उतरल्यावर पहिल्याने आम्ही ढोल्या गणपतीला गेलो. मूर्ती भली मोठी, एकाच दगडात कोरलेली. पोट मोठे, म्हणून नाव ढोल्या. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. देऊळ अगदी नदीला लागून आहे. दर्शन घेऊन बहुतेक लोक परत फिरतात. तुम्ही तसे करू नका. देवळाला वळसा घालून मागे जा आणि मागची भिंत बघा.

ही भिंत सरळ नाही. माशाच्या तोंडासारखी ती पुढे निमुळती होत गेली आहे. असे का केले असेल? आम्ही मंडळींना विचारले. कुणी म्हणाले शोभेसाठी, कुणी म्हणाले देवाच्या काही कारणासाठी. शेवटी एक पाटकरी मामा होते, पाटाचे पाणी वाटण्यात ज्यांचा जन्म गेला, ते म्हणाले, "पाणी फोडायला."

बरोबर! पावसाळ्यात कृष्णेला पूर येतो. पुराचे पाणी सपाट भिंतीवर आले की सगळा जोर भिंतीवर बसतो. निमुळत्या भिंतीवर आले की ते दोहों अंगांनी फुटते आणि बाजूने निघून जाते. होडीचे नाक टोकदार असते ते याचसाठी. खरे वाटत नसेल तर घरी करून पाहा. वाहत्या पाटात तळहात उघडा करून आडवा धरा. पाणी हाताला ढकलते. आता हात उभा करा, करंगळीची कड पाण्याकडे करा. पाणी हाताला वळसा घालून मुकाट्याने जाते. घाटाच्या पायरीवर बसून आम्ही सगळ्यांनी हा प्रयोग केला. ज्या गवंड्यांनी ही भिंत उभारली, त्यांची नावे कुठे लिहिलेली आम्हाला दिसली नाहीत. पण अडीचशेहून जास्त वर्षे देऊळ पुराला तोंड देत उभे आहे.

जवळच काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे. त्याच्या पुढचा काळ्या दगडाचा नंदी जरूर बघा. दगड इतका घोटलेला आहे, की लोणी फासल्यासारखा चमकतो.

वाईच्या घाटांवर माघापासून पुढे कृष्णाबाईचा उत्सव असतो. गावाच्या निरनिराळ्या आळ्या आपापल्या घाटावर मांडव घालतात आणि नदीला देवी मानून तिची पूजा करतात. १६५९ साली शिवाजी महाराजांवर चालून आलेला अफझलखान वाईला तळ देऊन होता. त्या संकटात महाराजांना यश यावे म्हणून कृष्णाबाईला नवस केला गेला, आणि तेव्हापासून हा उत्सव चालत आला, असे वाईकर सांगतात. आम्ही गेलो तेव्हा एका घाटावर मांडवाचे बांबू उभे राहत होते. आमच्यातल्या दोघांना राहवेना. त्यांनी एक बांबू धरून दिला आणि चहा पिऊन आले.

दुपारी भाकरी सोडून खाल्ली आणि मेणवलीला निघालो. अंतर तीन किलोमीटर. पायी चालण्यासारखी वाट आहे. उसाचे फड, हळदीची शेते, समोर डोंगर. तरुण पोरांना तो डोंगर बघून पांडवगड चढायची हौस आली. हा गड शिलाहार राजा भोज याच्या वेळचा. पण त्याला अख्खा दिवस पाहिजे, सोबत पाणी पाहिजे. ते पुढच्या खेपेला, असे सांगून आम्ही त्यांना आवरले.

मेणवली म्हणजे नाना फडणवीसांचे गाव. पेशवाईचा कारभार सांभाळणारे नाना १८०० साली वारले. त्यांचा वाडा इथे नदीकाठी आहे. वाड्याला सहा चौक आहेत. वाड्यामागे घाट आहे आणि घाटावर मेणेश्वराचे देऊळ. २००४ सालचा 'स्वदेस' नावाचा हिंदी सिनेमा याच घाटावर घेतला होता. ज्यांनी टीव्हीवर तो पाहिला होता, त्यांना घाट ओळखीचा वाटला.

पण आम्हाला दाखवायची होती ती घाटावरची घंटा. ही घंटा आपल्याकडची नाही. ती पोर्तुगीज लोकांच्या चर्चमधली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकला. तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. त्यांतली ही एक. घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेचे चित्र उठवलेले आहे. खाली शंकर, वर मेरीमाता. दोघांचे काही भांडण झाल्याचे ऐकिवात नाही.

घंटेवर तिचे सालही आहे. पण आकडे इंग्रजी. आम्ही काही बोललो नाही. एक ताई पुढे झाल्या. त्यांना मराठी आकडे येत होते, इंग्रजी येत नव्हते. बराच वेळ निरखून त्या म्हणाल्या, "गुरुजी, एक काठी आहे, मग कोयता, मग पूज्य, मग परत कोयता."

आम्ही म्हणालो, "काठी म्हणजे १. कोयता म्हणजे ७. आता वाचा."

"१... ७... ०... ७. सतराशे सात!" असे म्हणून त्यांनी वर पाहिले. मग बोटे मोजून म्हणाल्या, "म्हणजे वसई जिंकली तेव्हा घंटा बत्तीस वर्षांची होती." हा हिशेब आम्ही सांगितला नव्हता, तो त्यांचा त्यांनी केला. परत येताना त्या रस्त्यातल्या मोटारींचे नंबर मोठ्याने वाचत होत्या. काठी आणि कोयता एवढ्यावर त्यांचे भागेना. बाकीचे आकडेही त्यांनी आमच्याकडून वाटेतच काढून घेतले.

नानांच्या या वाड्यात जुन्या कागदांचे मोठे दप्तर होते. त्याला मेणवली दप्तर म्हणतात. पेशव्यांच्या काळच्या कितीतरी गोष्टी त्या कागदांवरून कळल्या. ते कागद मोडी लिपीत आहेत. कुणीतरी विचारले, "गुरुजी, तुम्हाला वाचता येतील का?" आम्हाला मोडी येत नाही. तसे आम्ही सांगितले. आजी म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही बी आमच्याच वर्गातले!" सगळे हसले. आम्हीही हसलो.

आता जी गोष्ट सांगायची ती हसण्याची नाही.

मागे एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही अशीच सहल काढली होती. तेव्हा वर्ग नुकता सुरू झाला होता. श्रावण महिना होता. धरणाखालच्या एका घाटावर आम्ही थांबलो. ज्यांना वाचता येत होते ते आम्ही दोघे चहा सांगायला टपरीवर गेलो. मघाशी सांगितले ते पाटकरी मामा तेव्हा आंघोळीला पाण्यात उतरले. पाणी गुडघ्याएवढे होते. समोर पाटी होती. ती मामांना वाचता येत नव्हती. लांबून भोंगा ऐकू आला. मामांना वाटले, कारखान्याचा असेल. बघता बघता पाणी कमरेला लागले. पाय सुटले. पन्नास-साठ हात खाली एका झाडाच्या मुळ्या त्यांच्या हाताला लागल्या, म्हणून ते वाचले. हात मोडला तो मोडलाच. तो अजून सरळ होत नाही. चूक मामांची नव्हती, आमची होती. वाचता येणाऱ्यांनी आधी पाटी वाचून दाखवायची, मग चहा सांगायचा.

पाणी इतके लवकर कसे वाढते, ते समजून घ्या. वाईच्या वर धोमचे धरण आहे. त्यात सुमारे साडेतेरा टीएमसी पाणी मावते. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. एक घनफूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा पेटीत मावेल एवढे पाणी, सुमारे २८ लिटर. धरण भरत आले की दरवाजे उघडून पाणी नदीत सोडतात. बातम्यांत 'क्युसेक' हा शब्द येतो. एक क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट. समजा ५,००० क्युसेक पाणी सोडले. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १,४०,००० लिटर. दहा हजार लिटरचे चौदा टँकर, आणि तेही प्रत्येक सेकंदाला! वाईत ऊन पडलेले असेल, पाऊस वर महाबळेश्वराकडे पडत असेल, तरीही असे पाणी येते. धरणाखालच्या कुठल्याही नदीची गोष्ट हीच.

नदी आधी खुणा देते. निवळ पाणी एकाएकी गढूळ होते. काटक्या, पाला, फेस वाहत येतो. आवाज बदलतो. घाटाच्या पायऱ्या मोजून ठेवा. पाच पायऱ्या उघड्या होत्या, त्यांच्या चार झाल्या, की लगेच वर या. कपडे, भांडी, चपला राहू द्या. कुणी वाहून जाऊ लागले तर मागे उडी टाकू नका. उडी टाकणाराही जातो, असे फार वेळा घडले आहे. दोर फेका, दोर नसेल तर लुगडे किंवा धोतर फेका. झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा डबा फेकला तरी त्याच्या आधाराने माणूस तरंगतो. आमच्याजवळ आता प्रत्येक सहलीत दोर आणि असा डबा असतो. लोक हसतात. हसू देत.

या खेपेला मेणवलीहून आम्ही जीपने धोमला गेलो. तिथे शंकराच्या देवळापुढचा नंदी एका दगडी कासवाच्या पाठीवर बसवला आहे. भोवती कमळाच्या आकाराचे कुंड आहे. कुंडात पाणी भरले की कासव नंदीला घेऊन पोहते आहे असे वाटते. आम्ही गेलो तेव्हा पाणी कमी होते, त्यामुळे कासवाचे पाय दिसत होते. लहान पोरासारखी आजींनी त्याला प्रदक्षिणा घातली.

तिथून नदीकडे जाताना वाटेत एक पाटी लागली. रंग उडालेला, एक कोपरा गंजलेला. मंडळी पुढे चालली होती. मामा थांबले. मोडका हात छातीशी धरून त्यांनी दुसऱ्या हाताचे बोट अक्षरांवरून फिरवले आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत, मोठ्याने वाचले, "पाण्यात उतरू नये."

सगळे जिथल्या तिथे उभे राहिले. मामांनी ती पाटी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "ह्या पाटीवरचा रंग गेलाय. पोरांना वाचता यायचं न्हाई. कुणाला सांगायचं हे?"

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही सगळ्यांनी मिळून एक अर्ज लिहिला. मजकूर मामांनी सांगितला, अक्षर ताईंचे. खाली एकवीस सह्या. अंगठा एकही नाही.

आता तुम्ही सांगा. तुमच्या गावाजवळची नदी कोणत्या धरणाखाली येते? तिथे पाटी आहे का? असली तर तिच्यावर काय लिहिले आहे, ते पाहून या आणि वहीत उतरवा. पुढच्या वर्गात आपण त्या वाचू.