घरातील संगणक-जाळे : ब्रॉडबँड आल्यानंतरच्या अडचणी व त्यांचे निदान

शिष्यवृत्तीचा अर्ज, सीईटीची नोंदणी, परीक्षेचा निकाल, पीकविम्याची नोंद ही सर्व कामे आता संगणकाच्या पडद्यावर होतात, आणि त्यांपैकी बहुतेकांना अंतिम तारीख असते. जिंतूर, पालम वा सोनपेठ तालुक्यातील एखाद्या पालकाच्या घरी त्याच दिवशी इंटरनेट बंद पडले, तर मुलाच्या वर्षाचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी घाईघाईने नवा राउटर विकत आणला जातो, किंवा अनोळखी माणसाच्या हाती संगणक सोपविला जातो. वास्तविक अशा बिघाडांपैकी कितीतरी बिघाड घरातील विद्यार्थ्याला स्वतः ओळखता येतात. त्याची पद्धत या लेखात क्रमाने मांडली आहे.

काय बदलले?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी संगणक स्वतःच दूरध्वनीवरून क्रमांक फिरवीत असे. वेग जास्तीत जास्त ५६ किलोबिट प्रतिसेकंद, आणि इंटरनेट चालू असेपर्यंत दूरध्वनी अडकलेला. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट ही किमान मर्यादा ठरविली. २०२३ साली ती २ मेगाबिट झाली. तांब्याच्या तारेची जागा हळूहळू काचतंतूने, म्हणजे ऑप्टिकल फायबरने घेतली. २०११ साली मंजूर झालेली आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाणारी योजना हाच काचतंतू ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यासाठी आहे.

या स्थित्यंतरात वेगाइतकाच महत्त्वाचा आणखी एक बदल झाला. पूर्वी एकच संगणक थेट बाहेरच्या जगाशी जोडला जाई. आता बाहेरच्या जगाशी राउटर बोलतो, आणि घरातील संगणक, मोबाइल, प्रिंटर हे सारे राउटरशी बोलतात. म्हणजे घरातच एक लहानसे जाळे तयार होते. त्यामुळे बिघाडाची ठिकाणे तीन झाली : घराबाहेरची तार, राउटर, आणि घरातील उपकरण. बिघाड यांपैकी कोठे आहे, हे ठरविणे म्हणजेच निदान. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे, हा त्याचा पहिला नियम होय.

पहिली पायरी : दिवे पाहणे

काचतंतू ज्या डब्यात येतो, त्यावर ‘पॉन’ आणि ‘एलओएस’ असे दोन दिवे असतात. ‘पॉन’ स्थिर हिरवा असेल तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतो आहे. ‘एलओएस’ लाल लुकलुकत असेल तर तंतू तुटला आहे, सुटला आहे किंवा फार वाकला आहे. तंतूला तीव्र वळण दिले की प्रकाश बाहेर निसटतो. म्हणून दाराच्या फटीतून वा खिळ्याला गुंडाळून तो नेऊ नये. सुटलेल्या तंतूच्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. लाल दिवा कायम राहिल्यास संगणकात काहीही बदलू नये, तक्रार नोंदवावी.

वीज जाऊन आल्यानंतर पुष्कळदा सर्व यंत्रे एकदम सुरू होतात आणि त्यांचा क्रम चुकतो. सर्व बंद करून एक मिनिट थांबावे. आधी काचतंतूचा डबा, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर, आणि शेवटी संगणक सुरू करावा.

दुसरी पायरी : पत्ता पाहणे

दिवे ठीक असूनही इंटरनेट नसेल तर संगणकाला घरातील जाळ्याचा पत्ता मिळाला आहे का, ते पाहावे. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा रोमन लिपीत द्यावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. संगणकाने तो स्वतःच धारण केला आहे. अशा वेळी केबल किंवा वाय-फाय तपासावे आणि पत्ता आपोआप घेण्याची सोय चालू आहे ना, हे पाहावे. जुन्या जोडणीच्या वेळी कोणी कायमचा पत्ता भरून ठेवला असेल तर तो नव्या राउटरशी जुळत नाही. प्रिंटरचेही तसेच होते. जुना राउटर १९२.१६८.० या मालिकेतील आणि नवा १९२.१६८.१ या मालिकेतील असेल, तर इंटरनेट उत्तम चालते, पण प्रिंटर सापडत नाही. प्रिंटरला नव्या मालिकेतील पत्ता दिला की काम होते. तसेच विंडोज नव्या जाळ्याला ‘सार्वजनिक’ मानून संगणकांची आपसातील देवाणघेवाण बंद ठेवते; स्वतःच्या घरी ते ‘खाजगी’ करावे.

जुना राउटर नव्याच्या मागे जोडल्यास दोघेही पत्ते वाटू लागतात आणि घराचे दोन भाग पडतात. जुन्याचे पत्ते वाटणे बंद करावे, त्याला नव्या मालिकेतील वेगळा पत्ता द्यावा, आणि केबल त्याच्या ‘वॅन’ खोबणीत न लावता ‘लॅन’ खोबणीत लावावी.

तिसरी पायरी : हाक मारून पाहणे

‘पिंग’ या आज्ञेने दुसऱ्या यंत्राला हाक मारता येते. आधी राउटरचा पत्ता, मग ८.८.८.८, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव द्यावे. राउटरच उत्तर देत नसेल तर दोष घरातील जोडणीत असण्याचा संभव अधिक. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नसेल, तर दोष राउटरच्या मांडणीत वा बाहेर. सेवादात्याने दिलेले वापरकर्तानाव व परवलीचा शब्द राउटरमध्ये बरोबर आहेत का, ते पाहावे. अंकाला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर नावाचे अंकात रूपांतर करणारी डीएनएस व्यवस्था अडली आहे, तेथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा पत्ता भरावा.

वेग कमी का?

४० मेगाबिटची योजना घेतली म्हणजे दर सेकंदाला ४० मेगाबाइट उतरत नाहीत. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ५ मेगाबाइट उतरतात. आधी केबल लावून वेग मोजावा. केबलवर वेग पुरेसा आणि वाय-फायवर कमी असेल तर दोष घरातल्या घरात आहे. मराठवाड्यातील जुन्या घरांच्या जाड दगडी व मातीच्या भिंती रेडिओलहरी शोषतात, आणि पत्रे त्या परतवितात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे अधिक पोहोचते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण पल्ल्याने आखूड असते. राउटर लोखंडी कपाटात वा दूरदर्शन संचाच्या मागे न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. दूरच्या खोलीसाठी सरळ केबल टाकावी; ती १०० मीटरपर्यंत चालते.

सावधानता व तक्रार

राउटरचा मूळचा परवलीचा शब्द बदलावा आणि वाय-फायला ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा त्यापुढील संरक्षण ठेवावे. मदतीचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. तो बिलावरून घ्यावा. ‘दुरुस्ती’च्या नावाखाली मोबाइलमध्ये एखादे ॲप टाकावयास सांगणाऱ्याला ओटीपी किंवा पडद्याचा ताबा कदापि देऊ नये.

तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढेच न सांगता कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, कोणत्या हाकेला उत्तर आले नाही आणि बिघाड केव्हापासून आहे, हे सांगावे. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. अर्जाची मुदत जवळ असेल तर दुरुस्तीची वाट न पाहता मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून अर्ज भरावा.

राउटरशेजारी भिंतीवर एक कागद लावून ठेवावा : ग्राहक क्रमांक, मदतीचा क्रमांक, राउटरचा पत्ता आणि दिव्यांचा अर्थ. परवलीचे शब्द मात्र वहीत, आत ठेवावेत. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर हा कागद आपल्या घरी आणि शेजारच्या दोन घरी लिहून द्यावा, आणि वरील तीन पायऱ्या घरातील मुलामुलींकडून एकदा करवून घ्याव्यात.