दाभोळचा वायू: परवानगी आणि फेरतपासणी

नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. हाच एलएनजी. तो जहाजाने येतो, जेटीवर उतरतो, टाकीत साठतो आणि पुन्हा ऊब देऊन वायुरूपात वाहिनीत सोडला जातो. महाराष्ट्रात असे टर्मिनल रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, अंजनवेलजवळ, वाशिष्ठीच्या मुखाशी आहे. दाभोळ या नावाने ते ओळखले जाते. पुढील संवाद परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले अभियंता आणि कायदा शिकणारी त्यांची भाची यांच्यातला आहे.

भाची: मामा, बीड जिल्ह्याला समुद्रच नाही. मग दाभोळच्या गोष्टीत परळीचं नाव कसं येतं?

मामा: गोपीनाथराव मुंड्यांमुळे. नाथ्रा हे परळी तालुक्यातलं त्यांचं गाव. मार्च १९९५ मध्ये मनोहर जोशींचं सरकार आलं, मुंडे उपमुख्यमंत्री झाले आणि एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाची फेरतपासणी करणारी मंत्रिमंडळाची उपसमिती त्यांच्या अध्यक्षतेखाली बसली. सामंजस्य करार झाला होता २० जून १९९२ ला, वीजखरेदीचा करार डिसेंबर १९९३ मध्ये. निविदा न मागवता एकाच कंपनीशी बोलणी झाली, व्यवहार पारदर्शक नव्हता, वीज महाग पडणार होती, असा समितीचा ठपका होता. ३ ऑगस्ट १९९५ ला सरकारनं पहिला टप्पा थांबवल्याचं आणि दुसरा रद्द केल्याचं जाहीर केलं. एलएनजी होता तो या दुसऱ्या टप्प्यात.

भाची: रद्द झाला, तरी टर्मिनल उभं राहिलंच ना?

मामा: करारावर सह्या आधीच झाल्या होत्या, गं. कंपनी लंडनला लवादाकडे गेली, पुन्हा बोलणी झाली आणि १९९६ मध्ये नव्या अटी ठरल्या. एकूण क्षमता उलट वाढून २,१८४ मेगावॅट झाली. समितीचे प्रश्न रास्त होते. ते सहीच्या आधी विचारले जायला हवे होते. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्था या इंधनावर चालू झाला, दोन वर्षांत बंद पडला आणि डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनचंच दिवाळं निघालं. टर्मिनल अर्धवट राहिलं. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली. एलएनजीचं पहिलं जहाज आलं ते २०१३ मध्ये.

भाची: या सगळ्यात अंजनवेलच्या लोकांना कुणी विचारलं होतं का?

मामा: गावकऱ्यांचा विरोध मोठा होता, पण तो रस्त्यावर मांडावा लागला. वीजखरेदीचा करार झाला तेव्हा पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची केंद्राची अधिसूचनाच नव्हती. ती २७ जानेवारी १९९४ ची. जनसुनावणी सक्तीची झाली १९९७ मध्ये.

भाची: आज कुणी असं टर्मिनल काढायचं म्हटलं तर?

मामा: १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना लागू होईल. आधी अभ्यासात काय काय तपासायचं ते ठरतं, मग अहवालाचा मसुदा तयार होतो आणि मग जनसुनावणी. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो. किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही लागतो आणि कामकाजाचं चित्रीकरण होतं. गणसंख्येची अट नाही. म्हणजे दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात, म्हणून सूचना वेळेवर वाड्यावस्त्यांत पोचणं फार महत्त्वाचं. नंतर तज्ज्ञ मूल्यमापन समिती अहवाल तपासून शिफारस करते. मंजुरी पटली नाही तर ३० दिवसांत राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करता येतं. त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे.

भाची: आणि सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची परवानगी?

मामा: ती वेगळी. भरतीरेषेपासून साधारण पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो. भरती-ओहोटीच्या रेषा दाखवणारा १:४,००० प्रमाणाचा नकाशा राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे ठेवावा लागतो. एलएनजीची साठवण या पट्ट्यात चालते, पण सुरक्षेच्या अटींवर. जेटीसाठी शिवाय महाराष्ट्र सागरी मंडळ.

भाची: इतका थंड द्रव सांडला तर भडका उडेल ना?

मामा: द्रव स्वतः जळत नाही. त्याची वाफ हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळली आणि ठिणगी मिळाली तर पेटते. म्हणून सांडलेला द्रव बांधाच्या आत राहावा, वाफेचा ढग आणि आगीची धग कुंपणाबाहेरच्या वस्तीला लागू नये, या हिशेबानं अंतरं ठरतात. साठवणीचा परवाना पेसो, म्हणजे केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्था, देते. तिचं मुख्यालय नागपूरला आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर घातक रसायनांबाबतचे १९८९ चे नियम आले. त्यांनुसार कुंपणाबाहेरचा आपत्कालीन आराखडा जिल्हा प्रशासनानं करायचा असतो.

भाची: दाभोळला कागद पुरे पडले का?

मामा: टर्मिनलची क्षमता वर्षाला ५० लाख टन धरलेली, पण लाटा अडवणारा ब्रेकवॉटर अपुरा होता. त्यामुळे कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथं जहाज लागत नसे. आकडा वर्षाचा आणि काम आठ महिन्यांचं. तपासणाऱ्यानं टाकीच्या आधी समुद्राचा जून-जुलै बघायला हवा.

भाची: उद्या ट्रकसाठी एलएनजीचा पंप बीडजवळच्या महामार्गावर आला तर यातलं काय लागेल?

मामा: सीआरझेड नाही, जेटी नाही, ब्रेकवॉटर नाही. पेसोचा परवाना मात्र लागेल, आणि टाकीपासून वस्तीपर्यंतचं अंतर तिथंही मोजलं जाईल.