मधपेटीचे शत्रू ओळखा

नांदेड व लातूर जिल्ह्यांत सूर्यफूल, करडई, कांद्याचे बीजोत्पादन आणि डाळिंबाच्या बागा यांसाठी काही शेतकरी मधपेट्या ठेवतात. फुलोरा संपला की पेटी बांधावर पडून राहते. पुढच्या हंगामात झाकण काढावे तर आत माश्या नाहीत, नुसती जाळी! हे काम मेणकिड्याचे.

मेणकिड्याचा राखाडी पतंग रात्री पेटीच्या फटींत अंडी घालतो. एक मादी ३०० हून अधिक अंडी घालू शकते. अळ्या जुन्या, काळ्या पडलेल्या पोळ्यातील मेण व परागकण खात रेशमी बोगदे करतात. पोळे माश्यांनी भरलेले असेल तर कामकरी माश्या अळ्यांना ओढून बाहेर टाकतात. म्हणून मेणकिड्यामुळे वसाहत दुबळी होते यापेक्षा, दुबळ्या वसाहतीतच मेणकिडा माजतो, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत फुले मिळत नाहीत. तेव्हा पेटी सावलीत ठेवावी, जवळ पाण्याची सोय करावी आणि साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक सायंकाळी पेटीच्या आत द्यावा. दर आठ-दहा दिवसांनी पेटीचा तळ खरवडून स्वच्छ करावा. माश्या बसत नसलेली पोळी काढून त्यांचे मेण वितळवावे. ती बांधावर फेकू नयेत. फटी बुजवाव्यात. कीटकनाशकाची भुकटी पेटीत कदापि टाकू नये, कारण त्या विषाला पतंग आणि माशी सारखेच. सातेरी माशी तर त्रास वाढला की घर सोडून निघून जाते.

पावसाळ्याच्या अखेरीस गांधीलमाशी पेटीच्या दाराशी घिरट्या घालून माश्या पकडते. दार अरुंद करावे व दाराशी आलेल्या गांधीलमाश्या फळकुटाने माराव्यात. त्यांचे मोठे पोळे दिवसा छेडू नये. मुंगळ्यांसाठी पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

वेडा राघू व कोतवाल हेही माश्या टिपतात, विशेषतः ढगाळ दिवशी. परंतु हेच पक्षी शेतातले इतर कीटकही खातात. हरभऱ्यात पक्षिथांबे आपण त्यांच्यासाठीच लावतो, तेव्हा त्यांना मारू नये. पेटी तेवढी तारांपासून व थांब्यांपासून दूर न्यावी. मात्र ती रोज दोन-तीन फूटच सरकवावी. एकदम हलविल्यास चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागीच परततात.